बाळाचा जंपर : हौस, सोय की धोका?

घरात मूल जन्माला आले की भेटवस्तूंची रांग लागते. पूर्वी झबली-टोपडी, दुपटे, खुळखुळा आणि फार तर पाळण्यावर टांगायचे चिमण्यांचे झुंबर एवढ्यावर भागत असे. आता नामकरणाच्या दिवशी मोठमोठी खोकी येतात. कारखान्यातले सोबती वर्गणी काढून काहीतरी ‘मोठे’ देतात, मामा मोबाइलवरून मागवतो, आत्या दुकानातून उचलून आणते. या खोक्यांतून दोन वस्तू आपल्या घरांत शिरू लागल्या आहेत. एक चाकांचा वॉकर आणि दुसरा स्प्रिंगवर बाळाला उड्या मारायला लावणारा जंपर. वॉकर आपल्याकडे आता जुना झाला. जंपर अजून नवा आहे, आणि मोबाइलवर त्यात खिदळणारी बाळे पाहून तरुण आईबाप त्याची चौकशी करू लागले आहेत.

आमच्या ओळखीच्या तीन-चार घरांतून हा प्रश्न आला. ‘यात ठेवले की बाळाचे पाय लवकर बळकट होतात म्हणे. घ्यावा का?’ आम्ही काही डॉक्टर नव्हे. कारकुनी सांभाळून वस्तीची कामे पाहणारी आम्ही माणसे. पण कागद वाचायची आणि हिशेब मांडायची आम्हाला सवय आहे. म्हणून बालरोगतज्ज्ञांच्या संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना काय सांगतात ते वाचले आणि आपल्या दहा बाय बाराच्या खोलीच्या मापाने ते ताडून पाहिले. त्यातून जे निघाले ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

जंपर म्हणजे काय?

जंपरचे मुख्य प्रकार दोन. पहिला दाराच्या चौकटीला टांगायचा. वर लोखंडी चिमटा, त्याला स्प्रिंग किंवा जाड रबरी पट्टा आणि खाली बाळाला बसवायची कापडी खोळ. बाळाचे पाय जमिनीला जेमतेम टेकतात, ते पायाने रेटा देते आणि वर-खाली होते. दुसरा प्रकार स्वतःच्या पायांवर उभा राहणारा. गोल सांगाडा, मध्ये स्प्रिंगांवर तरंगणारी बैठक आणि भोवती खेळणी. हा जागा जास्त अडवतो आणि किंमतही जास्त घेतो.

ही वस्तू निघाली कुठून, याची हकीकत वाचण्याजोगी आहे. ऑलिव्हिया पूल नावाची एक बाई अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात व्हाइट अर्थ या आदिवासींच्या राखीव प्रदेशात वाढली. तिथल्या आया आपल्या तान्ह्या लेकरांना झाडाच्या फांदीला टांगून झुलवीत, हे तिने लहानपणी पाहिले होते. १९१० च्या सुमारास तिला पहिले मूल झाले तेव्हा तिने कुऱ्हाडीचा दांडा आडवा बांधला, लंगोटाच्या कापडाची खोळ केली, वर स्प्रिंग लावली आणि लेकराला त्यात बसवले. पुढे हे कुटुंब कॅनडात गेले. १९५७ साली तिने व तिच्या मुलाने या कल्पनेचे पेटंट घेतले आणि ‘जॉली जंपर’ या नावाने ती वस्तू जगभर विकली गेली.

ही हकीकत वाचताना आपल्या डोळ्यांपुढे आपलीच झोळी येते. ऊसतोडीच्या फडाच्या कडेला बाभळीच्या फांदीला बांधलेले लुगडे, त्यात निजलेले लेकरू आणि वीस हातांवर कोयता चालवणारी आई. झोळी काय, पूलबाईंचा दांडा काय, दोन्ही कष्टकरी बाईच्या गरजेतून निघालेल्या वस्तू. त्यांत एक समान गोष्ट होती. लेकराला हाताने धरायला आईला सवड नव्हती, पण तिची नजर त्याच्यावर होती. आज ती वस्तू खोक्यात बंद होऊन येते तेव्हा ती नजर काही खोक्यात येत नाही. आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

पाय खरोखर बळकट होतात का?

विकणारा म्हणतो, होतात. मुलांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट तसे म्हणत नाहीत. आधी बाळ चालायला कसे शिकते ते पाहू. ते मान धरते, कुशीवर वळते, पालथे पडते, हातांवर छाती उचलते, बसते, रांगते, खाटेचा कड धरून उभे राहते, कड धरून बाजूला सरकते आणि मग एक दिवस हात सोडते. यातल्या प्रत्येक पायरीत पोट, पाठ, खांदे आणि कंबर कामाला लागते. तोल सावरायला शिकणे हाच चालण्याचा खरा अभ्यास. पाय त्यात सर्वांत शेवटी येतात.

जंपरमध्ये तोल कोण सांभाळतो? खोळ सांभाळते. वजन कोण पेलतो? स्प्रिंग पेलते. बाळ फक्त चवड्यांवर रेटा देते. त्यामुळे पिंढऱ्या ताठ होतात आणि टाच टेकवायची सवय मोडते. कंबर आणि पोट मात्र आरामात राहते. थोडक्यात, ज्या स्नायूंना मेहनत हवी त्यांना सुट्टी आणि ज्यांना नको त्यांच्यावर भार, असा हा व्यायाम आहे.

२००१ साली कॅनडातून एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आठ महिन्यांची ४३ बाळे होती. जी बाळे घरी अशा उपकरणांत जास्त वेळ असत, त्यांची हालचालींतली प्रगती कमी दिसली. अभ्यास लहान होता, त्यावरून उपकरणामुळेच असे झाले असा पक्का निकाल देता येत नाही. पण उपकरणामुळे बाळ पुढे गेले, असे त्यात दिसले नाही, एवढे तरी आपण ध्यानात ठेवावे.

चालण्याची घाईही कशाला? जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी बाळांची पाहणी करून २००६ साली काही कालमर्यादा ठरवून दिल्या. आधाराशिवाय बसणे साधारण ४ ते ९ महिने, रांगणे ५ ते साडेतेरा महिने आणि एकट्याने चालणे ८ ते साडेसतरा महिने. म्हणजे शेजारचा बंटी दहाव्या महिन्यात चालला आणि आपली पिंकी चौदाव्यात चालली, तरी दोघेही ठीकच. काही निरोगी मुले तर रांगतच नाहीत, बसल्याजागी सरकतात आणि सरळ उभी राहतात. आधी चालणारे मूल पुढे शाळेत पहिले येते, असे काही नाही.

कमरेच्या सांध्याची गोष्ट

काही बाळांच्या मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या खोबणीत नीट बसलेला नसतो. बाळ पायाळू जन्मले असेल, किंवा आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कोणाला हा त्रास झाला असेल, तर अशी शक्यता वाढते. मुलींत तो मुलांपेक्षा जास्त आढळतो. वेळेवर कळला तर उपचार सोपा असतो, उशीर झाला तर पुढे लंगडेपण येऊ शकते. कापडी खोळीत बाळाचे पाय सरळ खाली लोंबतात आणि सारा भार दोन मांड्यांच्या मध्ये येतो. अशा सांध्याला ही बैठक चांगली नाही. म्हणून ज्या बाळाच्या कमरेविषयी शंका आहे त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जंपरमध्ये मुळीच ठेवू नये.

याउलट आपल्या आया-आज्या बाळाला कडेवर घेतात तेव्हा त्याच्या मांड्या फाकलेल्या आणि गुडघे वर असतात. कमरेच्या सांध्याला हीच बैठक हितकारक आहे, असे आज हाडांचे डॉक्टर सांगतात. कडेवर घेण्याला पैसे पडत नाहीत म्हणून त्याची किंमत कमी समजू नये.

वॉकरचा अनुभव

जंपरचा विचार करताना त्याच्या भावाकडे, म्हणजे वॉकरकडे, पाहिल्यावाचून चालणार नाही. कारण वॉकरविषयी जगात पुष्कळ अनुभव जमा झाला आहे आणि तो कडू आहे.

अमेरिकेत १९९० ते २०१४ या २५ वर्षांत वॉकरमुळे जखमी होऊन इस्पितळाच्या तातडीच्या विभागात आणलेल्या १५ महिन्यांखालील बाळांची संख्या सुमारे २ लाख ३० हजार होती, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्यांतल्या दर दहापैकी नऊ बाळांना डोक्याला किंवा मानेला मार लागला होता. चारपैकी जवळजवळ तीन बाळे वॉकरसकट जिन्यावरून पडली होती. वॉकरमधले बाळ एका सेकंदात तीन फुटांहून जास्त अंतर जाते. आई दोन पावलांवर असली तरी तिचा हात पोचत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००१ साली वॉकरवर बंदी घालावी अशी मागणी केली. कॅनडाने एप्रिल २००४ मध्ये बंदी घातलीच. तिथे वॉकर विकणे, आयात करणे आणि त्याची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. वापरलेला जुना वॉकरही विकता येत नाही.

बरे, एवढा धोका पत्करून बाळ लवकर चालते का? तेही नाही. आयर्लंडमध्ये १९० बाळांची पाहणी झाली. वॉकरमध्ये घालवलेल्या एकूण दर २४ तासांमागे बाळ एकट्याने चालायला सुमारे ३.३ दिवस उशीर झालेला दिसला. हे २००२ साली छापून आले. म्हणजे ज्यासाठी वॉकर घेतला, तेच काम मागे पडले.

जंपरला चाके नाहीत, त्यामुळे जिन्यावरून गडगडण्याचा धोका त्यात नाही. तेवढ्यापुरता तो वॉकरपेक्षा बरा. पण ‘वॉकरपेक्षा बरा’ म्हणजे ‘चांगला’ नव्हे.

आपल्या घरात तो बसतो का?

आता परदेशातले घर सोडून आपल्या घरात येऊ. टांगायचा जंपर ज्या घरांसाठी काढला, तिथे दाराच्या चौकटीला वर भिंतीपुढे आलेली जाड लाकडी पट्टी असते. चिमटा त्या पट्टीला पकडतो. आपल्या चाळीत, झोपडीत किंवा पुनर्वसनाच्या इमारतीत चौकट भिंतीच्या रेषेतच असते. कुठे ती लोखंडी असते, कुठे पत्र्याच्या भिंतीला खिळ्यांनी ठोकलेली. चिमट्याला पकड मिळत नाही. मग घरातला हरहुन्नरी माणूस पुढे होतो. ‘पंख्याच्या हुकाला बांधू’, ‘पत्र्याखालच्या अँगलला दोरी टाकू’ अशा युक्त्या निघतात. त्या कटाक्षाने टाळाव्यात. शांत निजलेल्या बाळाचा भार वेगळा आणि उड्या मारणाऱ्या बाळाचा हिसका वेगळा. दर उडीला हूक, दोरी आणि गाठ यांच्यावर बाळाच्या वजनाहून जास्त ताण येतो. आज टिकले म्हणून उद्या टिकेल असे नाही.

दुसरे, दार म्हणजे आपल्या घराचा रस्ता. पाण्याची कळशी, सिलिंडर, शाळेतून धावत येणारी पोरे, सगळे तिथूनच. बाळ चौकटीच्या बाजूंवर आपटते, कुणी दार लोटले तर बोटे चेमटतात. मोठी भावंडे प्रेमाने बाळाला मागे ओढून सोडतात आणि जंपरचा झोका करतात. बाळ स्वतः मारते ती उडी आणि दुसऱ्याने दिलेला हिसका यांत फार फरक आहे. तान्ह्याच्या मानेला तो हिसका सोसत नाही.

तिसरे, आपल्या खोलीत सगळे हाताच्या अंतरावर असते. ओट्याशेजारी खाट, खाटेशेजारी मोरी, मोरीत भरलेली बादली. आमच्या पाहण्यातल्या एका घरात आठ महिन्यांच्या मुलीला वॉकरमध्ये ठेवून आई दारात पाण्याला गेली. मुलीने पाय मारत स्टुलापर्यंत मजल मारली आणि स्टुलावरचा चहाचा कप ओढला. हात आणि छाती भाजली. दोन महिने मलमपट्टी चालली. त्या आईचा निष्काळजीपणा होता असे आम्ही म्हणणार नाही. पाणी अर्धाच तास येत होते. पण जमिनीवर रांगणारे मूल स्टुलावरच्या कपापर्यंत पोचले नसते, हेही तितकेच खरे. उभे केलेल्या मुलाचा हात उंच जातो, आणि ते अजून उभे राहायला शिकले नाही म्हणून आपण त्या उंचीवरच्या वस्तू हलवलेल्या नसतात.

‘मग लेकराला ठेवू कुठे?’

हे सगळे आम्ही वस्तीतल्या महिलांच्या बैठकीत बोलत असताना एका ताईंनी आम्हाला अडवले. ‘दादा, तुमचे सगळे खरे. पण मी चार घरची धुणीभांडी करून येते. भाकरी थापताना लेकराला ठेवू कुठे? तुमच्या पुस्तकात?’

प्रश्न चोख होता. जंपर असो की वॉकर, आपल्या घरात तो हौसेपेक्षा या गरजेपोटी जास्त येतो. बाळ दहा मिनिटे एका जागी राहावे आणि आईचे हात मोकळे व्हावेत. ही गरज खरी आहे, तिला नावे ठेवून चालणार नाही. नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर बाळ देऊन तिची शाळा बुडवणे हा काही तोडगा नाही. बाळाच्या कमरेला ओढणी बांधून ती खाटेच्या पायाला अडकवणे तर फारच घातक. गळ्याला फास बसायला वेळ लागत नाही.

त्या बैठकीत बायकांनीच काही उपाय सुचवले. ते येथे देतो.

खोलीचा चुलीपासून दूरचा कोपरा बाळाचा करावा. तिथे जाड गोधडी किंवा चटई घालावी. बाळाच्या छातीएवढी उंच फळी आडवी लावून तिला दोन्ही बाजूंनी पक्का आधार द्यावा, म्हणजे ओट्याकडची वाट बंद होते आणि आई बाळाला दिसत राहते. दाराला आणि माळ्याच्या शिडीलाही अशीच आडकाठी असावी. बादली रिकामी ठेवावी किंवा घट्ट झाकावी. थोड्या पाण्यातही बाळ बुडू शकते.

शेजारच्या दोन आयांनी वेळ वाटून घ्यावी. एकीचा स्वयंपाक होईतो दुसरीने दोन्ही बाळे पाहावीत. विहाराच्या हॉलमध्ये दुपारी दोन तास चटया घालून वस्तीतल्या दोन-तीन आज्यांनी बाळे सांभाळली तर त्यांचाही वेळ आनंदात जातो. त्यांना महिन्याकाठी काही मानधन ठरवून द्यावे. आज्यांचे श्रम फुकट धरू नयेत.

आणि बाबांनी? कामावरून आल्यावर हातपाय धुऊन अर्धा तास बाळाजवळ जमिनीवर बसावे. टीव्हीसमोर नव्हे, बाळासमोर. या अर्ध्या तासात आईची भाकरी होते आणि बाळाला बाप कळतो. जंपरपेक्षा हे स्वस्त आहे. अवघड किती आहे, ते ज्याने त्याने ठरवावे.

थोडा हिशेब

आम्ही वाणिज्य शाखेचे. पैशाचा विचार केल्यावाचून आमचा लेख पुरा होत नाही. समजा, जंपर तीन हजार रुपयांना पडला. बाळ धडपणे मान धरून बसू लागल्यावर, म्हणजे सुमारे सहाव्या महिन्यापासून, ते दहाव्या महिन्यापर्यंत तो वापरला. जाणकार सांगतात त्याप्रमाणे दिवसाला पंधरा मिनिटांहून जास्त ठेवायचे नाही. चार महिन्यांचे १२० दिवस आणि रोज १५ मिनिटे. एकूण झाले ३० तास. म्हणजे तासाला शंभर रुपये. पुढे ती वस्तू माळ्यावर.

याच तीन हजारांत, अंडे सात रुपयांचे धरले तर, चारशेहून अधिक अंडी येतात. सहा महिने पूर्ण झाल्यावर बाळाला वरचे अन्न सुरू करायचे असते, त्याच वेळी ही खरेदी होते, हे विशेष. बाळाचे पाय बळकट करायचे असतील तर ते मऊ भात, वरण, अंडे, नाचणी यांनी होतील. स्प्रिंगने होणार नाहीत. वर्गणी काढून भेट देणाऱ्या मित्रमंडळींनीही याचा विचार करावा. एक चांगली जाड चटई, बाळाच्या नावे पोस्टात टाकलेली ठेव किंवा चार चित्रांची पुस्तके ही भेट जास्त दिवस पुरते.

आधीच घरात आला असेल तर

काही घरांत जंपर येऊन पडला असेल. देणाऱ्याचे मन मोडवत नाही, बाळही त्यात खूश असते. अशांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. बाळाची मान पूर्ण स्थिर होऊन ते थोड्या आधाराने ताठ बसू लागेपर्यंत त्यात ठेवू नये. ‘चार महिने झाले’ हे कॅलेंडर सांगते, मान सांगत नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

२. एका वेळी दहा ते पंधरा मिनिटे, दिवसातून एकदा. बाळ हसत असले तरी वेळ झाली की काढावे.

३. मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे. दहा वर्षांचे भावंड म्हणजे मोठे माणूस नव्हे.

४. पाय हवेत लोंबकळू नयेत. निदान चवडे तरी नीट टेकतील अशी उंची ठेवावी आणि बाळ वाढेल तशी ती बदलावी.

५. खोक्यावरची वजनाची मर्यादा वाचावी. शिवण, पट्टा, चिमटा आणि स्प्रिंग रोज तपासावी. स्प्रिंगवर आवरण नसेल तर वापरूच नये, बोटे अडकतात. कुणाचा वापरलेला जंपर असेल तर दुप्पट काळजी घ्यावी.

६. दूध पाजल्यावर लगेच ठेवू नये. त्यात झोप लागली तर ताबडतोब काढून पाठीवर निजवावे. मान पुढे कलंडली की श्वास अडतो.

७. बाळ कड धरून उभे राहू लागले किंवा जंपरमधून बाहेर येऊ पाहू लागले की जंपर बंद.

वॉकर असेल तर मात्र आम्ही नियम सांगणार नाही. त्याची चाके काढून टाकावीत आणि तो मोडीत द्यावा. दुसऱ्या घरी देऊ नये.

जमीन हीच शाळा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना काढल्या. एक वर्षाखालील बाळाला दिवसातून अनेक वेळा जमिनीवर खेळू द्यावे. जे अजून सरकत नाही त्याला जागेपणी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पालथे ठेवावे. कुठल्याही गाडीत, खुर्चीत किंवा पाठीशी बांधून एका वेळी तासाहून अधिक जखडून ठेवू नये. मोबाइल आणि टीव्ही मुळीच दाखवू नये.

यासाठी लागते ती एक गोधडी आणि जवळ एक माणूस. बाळाला पालथे घालून त्याच्यासमोर आपणही पालथे पडावे, पदराआडून ‘कुऽक’ करावे. स्टीलची वाटी, लाकडी चमचा, डबा अशी तोंडात न मावणारी भांडी थोडी दूर ठेवावीत, ते हात लांबवते, मग सरकते. उड्याच हव्या असतील तर बाळाला छातीशी दोन्ही हातांनी धरून आपल्या मांडीवर उभे करावे. ते पाय रोवते, उसळते, खिदळते. थकले की आपल्या हातांना लगेच कळते. स्प्रिंगला ते कळत नाही.

मूल कड धरून चालू लागले की आपला जुना लाकडी पांगुळगाडा देता येतो. त्यात मूल बसत नाही, मागे उभे राहून दांडी धरून ढकलते. वजन स्वतःच्या पायांवर आणि तोल स्वतःचा. मात्र तोही सपाट जागेत आणि नजरेसमोर.

कधी थांबू नये?

‘आमच्या घराण्यात मुले उशिराच चालतात’ असे म्हणून काही जण वर्ष-दीड वर्ष वाट पाहतात आणि मधल्या काळात वॉकर-जंपर आणून इलाज करतात. हे योग्य नाही. चार महिन्यांपर्यंत मान धरली नाही, नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसले नाही, वर्षाचे झाले तरी धरून उभे राहत नाही, दीड वर्षात चालत नाही, एकच हात किंवा एकच पाय वापरते, अंग फार ताठ किंवा फार ढिले वाटते, दोन पायांची लांबी वेगळी दिसते, किंवा येत असलेली गोष्ट विसरते, यांपैकी काहीही दिसले तर दवाखान्यात दाखवावे.

बाळ ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांचे असताना आशाताईंनी घरी येऊन त्याची वाढ पाहावी, अशी योजना २०१८ साली सुरू झाली. त्या आल्या की वजनापुरते बोलून त्यांना पाठवू नये. बाळ काय करते, काय करत नाही, ते मोकळेपणी सांगावे आणि माता-बाल संरक्षण कार्डावर नोंद करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ साली सुरू झाला, अंगणवाडीत मुलांची तपासणी होते आणि गरज पडल्यास पुढचे उपचार मोफत मिळतात. हा आपला हक्क आहे. तीन हजारांचे खोके विकत घेण्याआधी फुकटचा हक्क वापरावा.

तात्पर्य इतकेच की जंपर हे विष नाही आणि औषधही नाही. नजरेसमोर दहा-पंधरा मिनिटांची करमणूक, एवढीच त्याची लायकी. आपल्या घरांच्या चौकटी, आपली जागा आणि आपला खिसा पाहता तो विकत घेण्यासारखा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्या मुलांना काही कमी पडू नये ही आईबापांची तळमळ आम्ही जाणतो. आपल्याला मिळाले नाही ते लेकराला मिळावे म्हणून माणूस पोटाला चिमटा घेतो. पण ज्या बाळाला पुढे स्वतःच्या पायांवर उभे राहायचे आहे, त्याला टांगून ठेवण्यापेक्षा जमिनीवर सोडावे. ते पडेल, रडेल, पुन्हा उठेल. आपण फक्त जवळ असावे.